महिन्याला एक सेंटिमीटर

४ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. माझा रक्तदाब बघून त्यांनी यंत्रच बिघडलंय की काय म्हणून दुसरं मागवलं होतं. म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही. वाचली तर हात मोडून ठेवीन.

तर आज राग आला. चष्म्यामुळे. चष्म्या म्हणजे प्रयोगशाळेतला माझा मदतनीस, काल जन्मलाय आणि मला नियम शिकवतो.

मी केस तपासतो. न्हावी नव्हे, केमिस्ट. सिगरेटच्या धुरात राहणाऱ्या माणसाच्या रक्तात निकोटिन जातं, रक्तातून केसात उतरतं आणि तिथंच बसून राहतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळालगतचा सेंटिमीटर हा गेला महिना, त्यापुढचा त्याच्या आधीचा. डोक्याच्या मागून पेन्सिलीएवढी बट अगदी कातडीलगत कापायची, मुळाच्या टोकाला दोरा बांधायचा, धुऊन बाहेरची घाण काढायची, तुकडे करायचे, विरघळवायचे आणि यंत्रात घालायचे. आईबाप शपथेवर सांगतात, "आमच्याकडे कुणी ओढत नाही हो." मग आकडा आला की तोंडं बघावीत त्यांची.

आता शाळेतल्या मुलांचे केस तपासायचं मोठं काम आलंय. त्यांच्याशी ताडून बघायला धुराचा वाससुद्धा न लागलेल्या मुलाचा केस हवा. आम्ही त्याला कोरा केस म्हणतो. मॅडमनी विचारलं, कोण आणतंय? मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. मी म्हटलं, माझ्या मुलीचा आणतो. माझ्या घरात काडीपेटीसुद्धा नाही. माझे वडील खोकून खोकून गेले, तेव्हापासून धूर दिसला की माझं डोकं फिरतं. दोन वर्षांपूर्वी मेहुण्यानं आमच्या गॅलरीत सिगरेट पेटवली. मी अशी ठेवून दिली की ती सिगरेट त्याच्याच ओठावर विझली. त्या दिवसापासून त्याचं येणं बंद.

तर चष्म्या म्हणतो, "सर, घरचा केस घेऊ नये असा नियम आहे." त्याच्या हातात धुतलेल्या नळ्यांचा ट्रे होता. मी खालून एक फटका दिला. सगळ्या नळ्या फुटल्या. मॅडमनी नुसत्या नव्या नळ्या मागवल्या. माझ्यासारखं हातानं काम करणारा दुसरा नाही हे त्यांना ठाऊक आहे.

६ सप्टेंबर

बबडीचे केस कापले. नऊ वर्षांची आहे, एरवी पायाला भिंगरी. पण मी कात्री घेऊन मागे उभा राहिलो तशी जी गप्प बसली! हात मांड्यांखाली दाबून, मान ताठ. झाल्यावर विचारते, "बाबा, मी हलले नाही ना?" शिस्त लावली की पोरं अशी होतात. ही म्हणजे माझी बायको दारात उभं राहून बघत होती. तिला म्हटलं, बघतेस काय, दोरा धर.

संध्याकाळी स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त करायला बसलो. नट फिरेना. बबडी म्हणाली, "बाबा, हा पाना नको, चौदा नंबरचा लागेल. आणि तुम्ही उलटा धरलाय." मी बघतच राहिलो. शाळेत हल्ली काय काय शिकवतात! हिनं लगेच तिला आत पिटाळलं, अभ्यास राहिलाय म्हणून.

चौदा नंबरनंच निघाला.

११ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

कोरा केस कोरा नाही. बबडीच्या केसात निकोटिन आहे. थोडंथोडकं नाही, ओढणाऱ्या बापाच्या मांडीवर वाढलेल्या पोरांत असतं तेवढं. मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घरी कुणी येतं का?" तो हळू आवाज जास्त लागला. चष्म्या पाठ करून उभा होता, पण त्याचे खांदे हलत होते. हसत होता मेला.

यंत्र खराब असणार. नाहीतर केस धुवायच्या द्रावकात गडबड. नाहीतर चष्म्यानं नमुने बदलले. त्याला जिन्यात गाठला, कॉलर धरली आणि भिंतीला दाबला. चष्मा पडला, माझ्याच पायाखाली आला. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, मी हातसुद्धा लावला नाही. धुण्यापासून सगळं तुम्हीच केलंत." ते मात्र खरं आहे.

१६ सप्टेंबर

बबडीची दुसरी बट घेतली. या वेळी एकेक सेंटिमीटरचे तुकडे केले, बारा महिन्यांचे बारा. कुणाला जवळ येऊ दिलं नाही, बाटल्यासुद्धा स्वतः धुतल्या.

निकोटिन आहेच. आणि नुसता केसाला बाहेरून लागलेला धूर नव्हे. शरीरात गेल्यावर निकोटिनचं जे रूप होतं तेही सापडलं. म्हणजे पोरीनं तो धूर छातीत घेतलाय.

आलेख काढला. सारखा नाही. जानेवारीत उंच, मग खाली. एप्रिलमध्ये उंच, मग खाली. जुलैमध्ये पुन्हा उंच. बाकी महिने जवळजवळ स्वच्छ.

चष्म्या नव्या चष्म्यातून लांबूनच म्हणाला, "शेजारून येत असेल, सर." मूर्ख. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी आहे, बसच्या डेपोत मेकॅनिक होती म्हणे, दिवसभर ओढते. मी तिला धुराडं म्हणतो. पण तिचा धूर वर येत असता तर बाराही महिने सारखा आला असता. तीनच महिने का येईल? आणि आमच्या घरातून तिच्याशी कुणी बोलत नाही, माझी सक्त ताकीद आहे. जिन्यात धुराडं दिसलं की ही पदर नाकाला लावते. मी स्वतः बघितलंय.

याचा अर्थ एकच. त्या तीन महिन्यांत माझ्या मुलीला कुणीतरी ओढणाऱ्याच्या घरात नेऊन बसवत होतं. नेणारी कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

१७ सप्टेंबर

विचारलं. सरळ विचारलं, "कोण आहे तो?"

म्हणे, "कोण तो?" चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हटलं, जानेवारीत कुठं जात होतीस? तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विसरलोय. मग म्हणाली, "जानेवारीत माझा हात गळ्यात बांधला होता. कुठं जाणार मी?" उलट उत्तर. मी मारली. एकदाच मारली, पण अंगठी होती बोटात, गाल फाटला. बबडी मध्ये येऊन माझ्या पायाला बिलगली. पाय झटकला, तर ती कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. मी मुद्दाम केलं नाही. मध्ये यायला कुणी सांगितलं होतं?

ताकास तूर लागू दिली नाही हिनं. नाव सांगितलं नाहीच.

२० सप्टेंबर

बबडी तीन दिवस शाळेत गेली नाही, सर्दी आहे म्हणे. मला तर शिंकसुद्धा ऐकू आली नाही. कपाळावरचं टेंगूळ निळं झालंय, पण टेंगळानं कुणाला सर्दी होत नाही.

कामावर जाताना जिन्यात धुराडं दार उघडं ठेवून उभं. तोंडात सिगरेट, हातात चहा. म्हणते कशी, "साहेब, आज लवकर निघालात?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? म्हणाली, "काही नाही. आपली चौकशी." माझ्या जाण्यायेण्यावर हिचा डोळा कशाला, देव जाणे. रिकामटेकडी बाई.

२४ सप्टेंबर

मेहुणा. दुसरा कोण असणार? बहिणीला भाऊ हवाच असतो, आणि हा पक्का ओढणारा. मी बंदी घातली म्हणून ही चोरून पोरीला घेऊन त्याच्याकडे जाते. मला आधी कसं सुचलं नाही?

त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात गेलो. दुपारची वेळ, कामगार जेवायला गेलेले. तो एकटाच खुर्चीच्या पायाला रंधा मारत होता. मला बघून उभा राहिला, "या भाऊजी" म्हणाला. मी उत्तर पायानं दिलं. पडला तो लाकडाच्या ढिगावर. उठला, पटाशी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवून दिली. तिथंच फसला. मी त्याचं डोकं धरून टेबलावर आपटलं, दोनदा, नाकातून रक्त आलं, सगळा भुसा लाल झाला.

"भाऊजी, मी सोडली! दीड वर्ष झालं! ताईनं शपथ घातली होती!"

"केसच सांगतील," मी म्हटलं. कात्री आणि दोरा खिशातच होते. गुडघा त्याच्या पाठीवर ठेवला आणि मागच्या बाजूनं बट कापली. कातडीलगत कापताना थोडी कातडीही आली. तिथंच उभं राहून मुळाच्या टोकाला दोरा बांधला. राग राग असतो, पण पद्धत म्हणजे पद्धत.

निघताना तो जमिनीवरूनच म्हणाला, "मला मारा. ताईला आणि पोरीला हात लावू नका." मी म्हटलं, माझ्या घरातलं मी बघून घेईन.

२९ सप्टेंबर

मेहुण्याचा केस स्वच्छ. त्याचे केस आखूड, त्यामुळे मागचे पाचसहा महिनेच कळतात, पण तेवढे कोरे आहेत. एप्रिल कोरा, जुलै कोरा. ओढत नाही. खरंच सोडली.

हे आधी नीट पटवून सांगितलं असतं तर मार वाचला असता त्याचा.

त्याचा कोरा केस शाळेच्या कामात ताडून बघायला वापरता येईल का, असा विचार मनात आला. पण मॅडमना काय सांगणार, कुणाचा म्हणून?

११ ऑक्टोबर

आता एकच डोकं उरलं होतं. मी आठ दिवस चांगलं बोलून बघितलं. हो, चांगलं बोललो, ही वही साक्षीला आहे. म्हटलं, नुसती एक बट दे, मग मी काही विचारणार नाही. ती म्हणाली, "माझे केस मी देणार नाही."

नाही म्हणते! मी खाता खाता उठलो. ती न्हाणीघराकडे पळाली, दार लावायच्या आत मी पाय घातला. वेणी हाताला दोनदा गुंडाळली आणि खाली बसवली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तोंडात पदराचा बोळा धरून बसली, बबडीला ऐकू जाऊ नये म्हणून. मला बट पुरत होती, पण ती हिसके देत होती, कात्री कातडीला लागूनच मानेवर घसरली आणि अख्खी वेणी मुळापासून हातात आली. रक्त पाटासारखं वाहिलं नाही, थोडंच आलं. टाके पडले नाहीत.

बबडी बाहेर उभी होती. हातात तिचे आणि आईचे, दोघींचे बूट. मी विचारलं, कुठं निघालीस? म्हणाली, "कुठं नाही." आणि बूट होते तिथं नेऊन ठेवले, जोडीजोडीनं.

वेणीच्या मुळाशी दोरा बांधून पाकिटात घातली. मग रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेतल्या.

१९ ऑक्टोबर

हाताच्या काकणाला आरसा कशाला! दोघींचे आलेख एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. रेघेला रेघ. जानेवारी, एप्रिल, जुलै. हिच्या केसात सप्टेंबरही आहे, आणि तो सगळ्यांत उंच. म्हणजे मी चौकशी करत असताना, माझ्या नाकाखाली, ही पोरीला घेऊन जातच होती! काय हिंमत आहे!

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही रेघा बघितल्या. मी म्हटलं, एका घरातल्या दोघी आहेत. त्यांनी ते घर कुणाचं हे विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "या चार महिन्यांत त्या घरात काय झालं, ते बघा."

बघितलं. आठवून आठवून बघितलं. जानेवारीत माझी बढती दुसऱ्याला दिली. मी घरी येऊन ताटं फोडली, हिचा हात मनगटात मोडला. एप्रिलमध्ये हिनं मला न विचारता शिवणाचं मशीन आणलं. मी स्टूल भिंतीवर फेकलं, बबडी मध्ये आली, पुढचा दात गेला. दुधाचा होता, पडणारच होता. जुलैमध्ये तर काहीच नाही, मी दार तोडलं ते फक्त. म्हणजे या दोघी आतून कडी लावून बसल्या होत्या म्हणून. आणि सप्टेंबरमध्ये अंगठी.

आता सगळं जुळतं. मी जरा कडक झालो की ही कुणाकडे तरी रडायला जाते. दिवस दिवस जाऊन बसते. आणि ऐकून घेणारा सिगरेटवर सिगरेट ओढत हिचे अश्रू पुसतो. घरची लक्तरं वेशीवर टांगते! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

पण कोण?

२० ऑक्टोबर

दोन्ही आलेख एकाच मोठ्या कागदावर काढले, ठळक, महिन्यांची नावं घालून. खाली पद्धत लिहिली, माझी सही केली, तारीख घातली. प्रयोगशाळेचा शिक्काही मारला, म्हणजे हिला कळावं की हा काही नवऱ्याचा संशय नाही, हे शास्त्र आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवला. म्हटलं, बस इथं खुर्चीवर आणि नाव आठवेपर्यंत उठू नकोस.

मानेला पट्टी, केस पोरासारखे आखूड झालेले. ती बसली. कागदाकडे बघत राहिली. आधी वाटलं, आता रडेल. रडली नाही. बोट जानेवारीवर टेकवलं, मग एप्रिलवर, मग जुलैवर. स्वतःशीच मान हलवली. मला म्हणाली, "हे सगळं केसात दिसतं?"

"सगळं," मी म्हटलं. "लपत नाही काही."

"पक्कं?"

"तीनदा मोजलंय. जगात कुठेही नेऊन तपास."

"आणि ही सही तुमचीच ना?"

"मग काय तुझ्या बापाची?"

ती हसली. हो, हसली. गालावरचा वण ताणला गेला तरी. मला वाटलं, आता ही कबूल होणार. मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे. ती म्हणाली, "हो. उद्या सगळं सांगते."

बघा, पुरावा समोर ठेवला की माणूस कसा सुतासारखा सरळ येतो.

२१ ऑक्टोबर, सकाळी

आज मी कामावर जाताना हिनं मला डबा दिला आणि दारापर्यंत आली. बऱ्याच दिवसांनी.

२ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायाचं येतंय. उजवा प्लॅस्टरमध्ये आहे.

एकवीस तारखेला दुपारीच घरी आलो. नाव ऐकायला धीर धरवेना. घर उघडं, आत कुणी नाही. बबडीचं दप्तर नाही. कपाटातले कपडे नाहीत. फ्रिजवरचा कागद नाही, चार कोपऱ्यांचे चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिलेले.

मी घरभर फिरलो. जे हाताला लागलं ते फोडलं. आरसा, मशीन, पाण्याची टाकी. मग दमून जिन्यात येऊन बसलो. आणि तिथं मला खालून वास आला. नेहमीचाच वास. पण त्या वासाबरोबर जिन्यात एक वस्तू पडलेली होती, बबडीच्या केसांची क्लिप, धुराड्याच्या उंबरठ्याला लागून.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दिव्याखाली अंधार! कुणी बाप्या नाहीच. हिनं पदर नाकाला लावला तो मला दाखवायला. मी कामावर गेलो की दोघी खाली, आणि मी यायच्या आत वर, न्हाऊन, कपडे बदलून. पोरीला चौदा नंबरचा पाना तिथंच कळला.

मी दारावर लाथा घातल्या. आतून आवाज आला, "त्या इथं नाहीत, साहेब. गेल्या." मी म्हटलं, उघड. म्हणाली, "उघडणार नाही." तिसऱ्या लाथेला कडी निघाली. खोलीभर धूर. कॉटवर बबडीची चित्रं, खिळ्याला टांगलेला तिचा जुना स्वेटर, जमिनीवर दोन उशा लावलेली लहान गादी. सगळा संसारच थाटलेला. म्हातारी टेबलाच्या पलीकडे उभी, एका हातात सिगरेट.

"माझ्या पोरीची फुप्फुसं जाळलीस तू!" मी ओरडलो.

"खिडकी उघडी ठेवत होते," ती म्हणाली. "पण उघड्या खिडकीतून तुमच्यासारखा कुणाचा आवाज आत आला की पोरगी कॉटखाली जायची. मग लावून घ्यायचे."

मी टेबल उलटवलं. तिच्या गळ्याला हात घातला. काटकुळा गळा, एका हातात मावला. ती डोळे बंद करेल असं वाटलं. तिनं सिगरेट माझ्या मनगटावर दाबली. मी हात सोडला, तेवढ्यात तिचा दुसरा हात वर आला. त्यात पाना होता, बसच्या चाकाचा, हातभर लांब. पहिला फटका कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. दुसरा गुडघ्यावर. मी खाली कोसळल्यावर तिनं तिसरा मारला नाही. पाना दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. सत्तरीची बाई, धाप लागलेली, खोकत होती.

"उठू नका," म्हणाली. "मी आयुष्यभर गंजलेले नट काढलेत."

माझ्याविरुद्ध तक्रार झाली आहे. ही, म्हातारी आणि मेहुणा, तिघांची. उंदराला मांजर साक्ष!

२५ नोव्हेंबर

वकील भेटला. माणूस हुशार, पण तोंडाला सुपारीचा वास येतो. म्हणाला, "हात मोडला तो तुमचा. म्हातारीनं मारल्याचं मी बघतो. मेहुण्याचा साक्षीदार नाही. अडचण एकच आहे, तो कागद." ही तो कागद घेऊन कोर्टात गेली आहे. मारलं की त्या खाली लपायच्या, आणि खुणा जाईपर्यंत पोरीला शाळेत पाठवायची नाही, असं तिचं म्हणणं. आणि महिने कागदावर आहेत.

वकील म्हणाला, "आपण सांगायचं की मोजमाप चुकीचं आहे. घरचा नमुना, घरची कात्री, रागाच्या भरात कापलेला केस. नियमात बसत नाही. कागद गेला की त्यांच्याकडे नुसते शब्द उरतात. तुम्ही फक्त गप्प बसा. मुलगी आठवड्यातून एकदा तरी भेटेल, हे मी मिळवून देतो."

मी हो म्हटलं. बबडी हवीय मला. घर खायला उठतं. परवा तिच्या खोलीत गेलो तर सगळ्या पेन्सिली एका रांगेत लावलेल्या, टोकं एकीकडे. मी शिकवलेलं. तिथंच बसून राहिलो संध्याकाळपर्यंत.

१४ डिसेंबर

आज कोर्ट झालं.

खोली लहान, पंखा बंद. एका बाजूला मी आणि वकील, दुसऱ्या बाजूला त्या. हिचे केस दोन सेंटिमीटरच वाढलेत. म्हातारीनं धुतलेली साडी नेसली होती आणि सिगरेटचं पाकीट चाचपल्यासारखा हात सारखा कमरेला जात होता. न्यायाधीश बाई होत्या, माझ्या मॅडमच्या वयाच्या.

ही बोलली. खाली मान घालून नाही, सरळ. "आजी ओढतात," ती म्हणाली, "मला माहीत आहे ते वाईट आहे. पण त्या मारत नाहीत. दोन्हींपैकी मला एकच निवडता येत होतं."

मी गप्प होतो. शब्द दिला होता ना.

मग माझा वकील उठला. कागद दोन बोटांत धरून त्यानं हवेत हलवला. म्हणाला, "हा काय पुरावा आहे? माझ्या अशिलाची त्या वेळी मनःस्थिती ठीक नव्हती. केस कसाबसा कापलाय. धुतला की नाही कुणास ठाऊक. तुकडे मागेपुढे झाले असतील. हे कसलं शास्त्र? हे अंदाजपंचे काम आहे."

अंदाजपंचे!

माझं काम! मी, ज्यानं अख्ख्या नोकरीत एक नमुना उलटा लावला नाही! मागच्या बाकावर चष्म्या बसला होता, साक्षीला बोलावलेला. तो वर बघत होता, आता सर काय करतात म्हणून. मी उठलो. वकिलानं माझी बाही ओढली, मी झिडकारली. म्हटलं, "मुळाला दोरा बांधलेला आहे. तुकडे मागेपुढे होऊच शकत नाहीत. तीनदा धुतलंय, तीनदा मोजलंय. हा माणूस वकील आहे, याला केसातलं काय कळतं?"

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे हे मोजमाप बरोबर आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"शंभर टक्के."

"जानेवारी, एप्रिल, जुलै, सप्टेंबर. या महिन्यांत तुमची पत्नी आणि मुलगी त्या धुराच्या खोलीत होत्या. हे नक्की?"

"नक्की. दुसरं काही निघूच शकत नाही."

"याच महिन्यांत का, काही सांगता येईल?"

वकील पुटपुटला, "नका." पण आता अर्ध्यावर सोडायचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. मी सांगितलं. क्रमानं सांगितलं, जानेवारीत मनगट, एप्रिलमध्ये दात, जुलैमध्ये दार, सप्टेंबरमध्ये अंगठी आणि कपाट. महिना आणि कारण, सगळं जुळवून. कुठं अडखळलो नाही. लिहून घेणाऱ्याला एकदा पुन्हा सांगावं लागलं, ते मी सावकाश सांगितलं. चष्म्यानं मान खाली घातली होती.

वकील बसला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "पायावर धोंडा पाडून घेतलात," म्हणाला. मी म्हटलं, असेल, पण माप बरोबर होतं की नाही?

निकाल वाचून दाखवला. मी त्यांच्या घराजवळ जायचं नाही. शाळेजवळ नाही. फोन नाही. म्हातारीचं आणि मेहुण्याचं प्रकरण वेगळं चालणार आहे, त्यात तुरुंगही होऊ शकतो. हे मी ऐकत होतो, पण कानात सारखं ते अंदाजपंचेच घुमत होतं.

बाहेर आलो तर व्हरांड्यात बबडी. मामाच्या शेजारी उभी, मामाच्या नाकावर अजून वण. तिला आत आणलं नव्हतं. उंच झाली आहे. नवा दात अर्धा आलाय. मला बघून पळाली नाही, जागीच उभी राहिली, हात शरीराला चिकटवून. शिपाई म्हणाला, साहेब, पुढं चला. मी म्हटलं, एक मिनिट, पोरगी आहे माझी. तिच्या कपाळावर केस आले होते. ते मागे सारायला मी डावा हात उचलला, तोच तर एक चांगला राहिलाय.

तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि भिंतीशी खाली बसली. एका क्षणात, कुणी शिकवल्यासारखं. येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

मला इतकं वाईट वाटलं. मी खाली वाकून म्हटलं, "अगं वेडे, मी काय मारणार आहे का तुला?"

हात न काढता, आतूनच, ती म्हणाली, "माहीत नाही."